तारली गेली कुठे होती, आणि परत आली कशी?

पेडवेप्रेमी (धागाकर्ता)

गेल्या रविवारी पुण्यात मासळी बाजारात गेलो होतो. नेहमीची मावशी म्हणाली, "तारली घे रे, ढीग आलाय." ढीग होता खरा, पण एकेक मासा माझ्या करंगळीएवढा. घरी आणल्यावर बायकोने तीनदा विचारलं, हे सगळं साफ तूच करणार आहेस ना?

रात्री वेंगुर्ल्याला आईला फोन लावला. आमच्या घरी पेडवे आणि तारली यांत गल्लत चालत नाही, त्यामुळे आधी मी आणलंय ते नक्की काय यावर पाच मिनिटं उलटतपासणी झाली. मग आई म्हणाली, मधली काही वर्षं तारली दारात आलीच नव्हती. टोपलीवाली यायची ती बांगडा नाहीतर पेडवे घेऊन. मी विचारलं, मग आता कशी आली? तर म्हणे, "गेली तशी इली. दर्याक कोणी इचारूचा?"

एवढ्यावर माझं भागेना. शोधाशोध केली तर कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेचे (सीएमएफआरआय) केरळपुरते आकडे सापडले. २०१२ साली एकट्या केरळात तारली चार लाख टनांच्या घरात. २०२१ साली ३,२९७ टन. बरोबर वाचलंत, तीन हजार. आणि २०२२ मध्ये एकदम १.१ लाख, २०२३ मध्ये १.३८ लाख, २०२४ मध्ये १.४९ लाख.

माझा प्रश्न सरळ आहे. मासा संपला होता तर एका वर्षात तीसपट कुठून आला? आणि संपला नव्हता तर होता कुठे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सडेतोड

यात कोडं कसलं? पर्ससीनवाल्यांनी (मोठ्या जाळ्याने घेरून अख्खा थवा उचलणाऱ्या यांत्रिक बोटींनी) खरवडून नेली. मग मिळेना म्हणून त्यांनी मोर्चा दुसरीकडे वळवला, तेवढ्यात ती सावरली. एलईडी दिवे लावून रात्री समुद्र उजळायचा आणि सकाळी मासा का नाही म्हणून गळे काढायचे. 'समुद्राचं तापमान', 'एल निनो' (प्रशांत महासागराचं पाणी तापणं) हे सगळं जबाबदारी झटकायला बरं पडतं.

पापलेट_नको

वाचतोय. (आणि करंगळीएवढी तारली हळदीच्या पानात गुंडाळून भाजा, साफ करायची कटकट कमी.)

गाबतीण

सडेतोड, पर्ससीनवर माझा तुमच्यापेक्षा जास्त राग आहे. माझे वडील मालवणात रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) होते, भाऊ आजही कांडाळी (साधं उभं जाळं) घेऊन जातो. ५ फेब्रुवारी २०१६ ला शासनाने पर्ससीनवर निर्बंध आणले तेव्हा आमच्या वाडीत पेढे वाटले होते. पण सगळं खापर तिथे फोडलं तर एक गोष्ट जुळत नाही, ती सांगते.

वाईट वर्षांतही पावसाच्या तोंडावर जी थोडीफार तारली जाळ्यात यायची, ती गाबोळीने भरलेली असायची. बोटाने पोट दाबलं की बाहेर. म्हणजे माद्या होत्या, अंडीही होती. पण दिवाळीच्या सुमारास जी बारकी पिल्लं दिसायला हवीत ती दिसायचीच नाहीत. बाबा म्हणायचे, "गाबोळी दर्यात पडता, पण पोरां घराक येनत नाय." मधे नेमकं काय होतं ते मला कधी कळलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

खारेवारे

गाबतीणताई, तुमच्या बाबांनी एका वाक्यात जे सांगितलं त्यावर मत्स्यविज्ञानाची शंभर वर्षं गेली आहेत. मी माशांच्या पिल्लांवर काम करते, म्हणजे बोटीच्या मागे बारीक जाळी ओढायची आणि बरणीत आलेलं भिंगाखाली वेचत बसायचं. तेव्हा जरा लांबण लावते.

तारलीचं अंडं पाण्यात सुटं तरंगतं आणि साधारण एका दिवसात फुटतं. त्यातून निघतं ते मासा म्हणावं असं नसतंच. दोनतीन मिलिमीटरचा काचेचा दोरा, त्यात दोन काळे डोळे. पुस्तकात त्याला डिंभक म्हणतात, मी इथे पिल्लूच म्हणते. पोटाशी बलकाची छोटी शिदोरी असते, उबदार पाण्यात ती दोनतीन दिवस पुरते. ती संपायच्या आत तोंडात मावेल इतकं बारीक प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आजूबाजूला दाट मिळालं तर पुढचा प्रवास. विरळ असेल तर तिथेच संपलं, कारण शोधत फिरण्याची ताकद अंगात नसते. पाणी नेईल तिकडे जायचं.

आता गंमत आकड्यांत आहे. समजा एक लाख पिल्लांपैकी रोज शंभरातली वीस मरतात. तीस दिवसांनी उरतात १२४. आता रोज वीसऐवजी पंधरा मरतात असं धरा. तीस दिवसांनी उरतात ७६३. रोजच्या मरणात शंभरामागे पाचाचा फरक, आणि महिन्याने सहापट मासा! समुद्रावरून बघणाऱ्याला हा पाचाचा फरक दिसतही नाही. वारा आठवडाभर थोडा जास्त वाहिला, थोडं कमी अन्न तयार झालं, एवढ्याने तो पडतो. म्हणून माद्यांची संख्या आणि पुढच्या वर्षीची तारली यांचं गणित सरळ त्रैराशिकाने सुटत नाही.

पेडवेप्रेमी

दंडवत. पण मग 'पाणी नेईल तिकडे' म्हणजे आपल्याकडे नेमकं कुठे? अरबी समुद्रात प्रवाह वगैरे शाळेत वाचल्याचं आठवतंय, त्याचा आणि तारलीचा संबंध कसा लावायचा?

खारेवारे

आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळचा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो. पावसाळ्यात तो किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उलटा उत्तरेकडे. म्हणजे जूनमध्ये सोडलेलं अंडं आणि डिसेंबरात सोडलेलं अंडं एकाच जागेवरून निघालं तरी त्यांची वाट वेगळी.

त्यात भर वाऱ्याची. पृथ्वी फिरते त्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी वाऱ्याच्या उजव्या हाताला सरकतं. किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वारा वाहिला की उजवा हात म्हणजे आपल्याकडे पश्चिम, उघडा समुद्र. वरचं पाणी बाहेर गेलं की ती जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं. त्या पाण्यात खत असतं. तळाशी कुजून साठलेलं नायट्रेट, फॉस्फेट असं सगळं. वर ऊन मिळालं की वनस्पती-प्लवकाचं रान माजतं. केरळ किनाऱ्यावर हे मेअखेर-जूनमध्ये सुरू होतं आणि पावसाळा सरेपर्यंत हळूहळू उत्तरेकडे सरकतं. कोकणापर्यंत येईतो त्याचा जोर कमी झालेला असतो. तारली अंडी घालते ती याच दिवसांत, कारण तिचं आणि तिच्या पिल्लांचं ताट तेव्हाच वाढलेलं असतं.

पण ज्या वाऱ्याने ताट वाढलं तोच वारा ताटावरून उठवतोही. वरचं पाणी बाहेर चाललंय आणि पिल्लू वरच्या पाण्यात आहे! वारा फार जोराचा झाला तर पिल्लं खोल समुद्रात, उपाशी. शिवाय पाणी इतकं घुसळलं जातं की अन्नाचे दाट थर फुटून विरळ होतात. वारा फार मंद असेल तर खत वर येत नाही. क्युरी आणि रॉय या दोघा शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये जगातल्या अशा अनेक किनाऱ्यांचे आकडे मांडून दाखवलं की पिल्लं सर्वात जास्त जगतात ती मधल्या वाऱ्यात, सेकंदाला पाचसहा मीटरच्या आसपास. अँड्र्यू बाकुन नावाच्या शास्त्रज्ञाने हेच तीन गोष्टींत बसवलं. अन्न तयार व्हायला हवं, ते एका जागी जमायला हवं, आणि पिल्लू तिथून वाहून जाता कामा नये. तिन्ही एकदम जमली ते वर्ष तुमच्या मावशीच्या ढिगाचं.

२०१४ आणि २०१५ ही दोन्ही कमी पावसाची वर्षं होती, त्यात २०१५ चा एल निनो जबर. मोसमी वारा ढेपाळला की खालचं पाणी वर येणंही ढेपाळतं. तारली जेमतेम दोन-अडीच वर्षं जगते, साधारण वर्षाची झाली की अंडी घालते. त्यामुळे लागोपाठ दोन वर्षं पिल्लं वाचली नाहीत तर घरात म्हातारंही कुणी उरत नाही. पापलेट-सुरमईपेक्षा हिचा पाळणा लवकर रिकामा होतो, आणि लवकर भरतोही. मूळ धाग्यातल्या तीसपटीचं कारण बरंचसं इथे आहे.

पापलेट_नको

म्हणजे समुद्राने जेवायला बोलवायचं आणि पंगतीत बसल्यावर पत्रावळ ओढायची.

उत्तरध्रुव

बर्गनहून लिहितोय, नॉर्वे. इथे या विषयाचं मूळ पीठ आहे म्हणून तोंड घालतो.

शंभर वर्षांपूर्वी इथल्या कोळ्यांनाही हाच प्रश्न पडला होता. हेरिंग (तारलीचाच गोतावळा) काही वर्षं धो धो, काही वर्षं काहीच नाही. तेव्हाची समजूत अशी की मासे कुठेतरी दुसरीकडे जातात, मग परत येतात. पेडवेप्रेमींच्या आईसारखीच. योहान यॉर्ट नावाच्या इथल्या शास्त्रज्ञाने माशांच्या खवल्यांवरची वलयं मोजून वय काढायला सुरुवात केली, झाडाचं काढतात तसं. तर दिसलं काय, की वर्षानुवर्षं जाळ्यात येणारे बहुतेक हेरिंग एकाच वर्षी जन्मलेले, १९०४ साली! त्याच्या आगेमागे जन्मलेले नावापुरते. म्हणजे मासे कुठे गेले-आले नव्हते. एका वर्षीची पिल्लं जगली आणि त्यांनीच पुढे कितीतरी वर्षं बाजार चालवला. १९१४ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं आणि दोन शक्यता मांडल्या. बलक संपताना अन्न मिळालं नाही, किंवा पाण्याने पिल्लं नको तिथे वाहून नेली. खारेवारे वर सांगतायत ती चर्चा तिथून सुरू झाली.

इथला कॉड हिवाळ्याच्या शेवटी बॅरेंट्स समुद्रातून खाली लोफोटेन बेटांशी अंडी घालायला येतो. अंडी तरंगत, मग पिल्लं वाहत, किनारी प्रवाहाबरोबर शेकडो किलोमीटर परत उत्तरेला जातात, जिथून आईबाप आले तिथे. येताना आईबाप प्रवाहाविरुद्ध पोहत येतात ते एवढ्यासाठी, की पोरांना परतीची गाडी फुकट मिळावी.

अवांतर: लोफोटेनला लाकडी मांडवांवर कॉड जोडीजोडीने वाळत घालतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वसईकडच्या वलांडीवरचे बोंबील आठवून गळा दाटला. वास मात्र आपलाच भारी.

सडेतोड

माहिती छान, पण मला अजूनही वाटतं की ढगांकडे बोट दाखवून जाळं लपवलं जातंय. दोन प्रश्न.

एक. कॉडचंच उदाहरण घ्या. कॅनडात न्यूफाउंडलंडला १९९२ च्या जुलैत कॉडची मासेमारी बंद करावी लागली, हजारो लोक एका दिवसात बेकार. तिथे काय फक्त वाऱ्याने मासा नेला? दशकानुदशकं उपसा केला होता.

दोन. तुमचा एल निनो २०२३ मध्येही होता. पाऊसही सरासरीपेक्षा कमी झाला. मग तारली कमी व्हायला हवी होती ना? आकडे तर म्हणतायत वाढली.

खारेवारे

दुसरा प्रश्न आधी, कारण तो झोंबणारा आहे.

२०२३ मध्ये जाळ्यात आलेली तारली बरीचशी आधीच्या पावसाळ्यांतली होती, हा एक भाग. पण तेवढ्यावर मी सुटत नाही. 'एल निनो' ही पाटी प्रशांत महासागरावर लागते. पिल्लाला मतलब आपल्या किनाऱ्यावर त्याच्या जन्माच्या दोनतीन आठवड्यांत वारा कसा होता याच्याशी. देशाचा सरासरी पाऊस कमी असूनही ते आठवडे बरे जाऊ शकतात. रॅन्सम मायर्स या शास्त्रज्ञाने १९९८ मध्ये एक खडूस काम केलं. 'अमुक तापमान असलं की तमुक मासा वाढतो' असे जुने संबंध घेतले आणि नंतरच्या वर्षांचे आकडे घालून परत तपासले. बहुतेक गळून पडले. टिकले ते मुख्यतः माशाच्या पसाऱ्याच्या (तो जिथवर सापडतो त्या भागाच्या) टोकाला, जिथे थंडी किंवा उष्णता त्याला आधीच सोसवत नसते. त्यामुळे एल निनोचं नाव घेऊन तारलीचं भविष्य सांगणारा कुणी भेटला तर त्याला पंचांग विकायला बसवा.

आता पहिला. आजच्यासारखी मासेमारी नसतानाही हे मासे वरखाली होत होते याचा पुरावा आहे. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ समुद्राच्या तळाशी प्राणवायू इतका कमी की तिथला गाळ कुणी उकरत नाही, वर्षावर्षाचे थर जसेच्या तसे. त्या थरांतले खवले मोजले तेव्हा सार्डिन आणि अँकोव्ही (दोन्ही तारलीच्याच गोतावळ्यातले) हजारपेक्षा जास्त वर्षं येतायत-जातायत असं दिसलं, यांत्रिक बोटींच्या कितीतरी आधीपासून.

पण म्हणून जाळं निर्दोष सुटत नाही. पेरूचा अँकोव्ही बघा. १९७० ला पकड १.२ कोटी टनांच्या वर. १९७२ ला एल निनो आला आणि उद्योग कोसळला. एल निनो त्याआधीही येत होते, पण या वेळी तो आला तेव्हा बोटींचा ताफा भूक लागल्यासारखा उभा होता. वाईट वर्षी पिल्लं जगणार नाहीतच. त्या वर्षी मोठ्या माद्या शिल्लक ठेवल्या तर पुढच्या चांगल्या वाऱ्याला अंडी असतील. तारलीसारख्या अडीच वर्षांच्या माशाला अशी फार तर एखाददुसरी संधी मिळते. म्हणजे न्यूफाउंडलंडबद्दल तुम्ही बरोबर, सडेतोड. फक्त आमच्या बाबतीत 'पर्ससीन की वारा' असं 'की' लावू नका.

गाबतीण

हे भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मगे आमी काय वेगळा सांगत होतो?"

त्याचा एक प्रश्न. सप्टेंबरात, नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या की काही दिवस असे येतात की खोलात जाळं टाकलं तर तळाचं काहीच येत नाही, आणि किनाऱ्याजवळ मात्र मासा दाटलेला. पाण्याला कधीकधी कुजकट वासही येतो. याचा पिल्लांशी संबंध आहे का?

मानसकार

गोव्यातून. त्या वासाबद्दल थोडं मी सांगू शकतो. कांदोळीसमोर समुद्रात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची (दोना पावला) माणसं १९९७ पासून नेमाने पाणी तपासतायत. वर येणारं ते खत असलेलं पाणी मुळातच प्राणवायूला गरीब असतं. त्यावर पावसाचं, नद्यांचं गोडं पाणी हलकं म्हणून झाकणासारखं बसतं, हवा खाली जात नाही. वरून मेलेलं प्लवक पडून कुजतं, उरलासुरला प्राणवायूही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी प्राणवायू शून्य आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू, असं तिथे मोजलेलं आहे. २००० साली यावर डॉ. नक्वी आणि सहकाऱ्यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला होता.

तळाचा मासा तिथे कशाला थांबेल? पोहता येतं तो निघून जातो. पिल्लाला ते जमत नाही, त्याला वरच्या पातळ थरात दाटीवाटीने राहावं लागतं. आणि दाटी झाली की खाणारेही तिथेच जमतात.

खारेवारे

+१. ही सगळी गोष्ट एकाच पाण्याची आहे हे लक्षात घ्या. ज्या पाण्याने ताट वाढलं, त्याच पाण्याने दोन महिन्यांनी खालची खोली बंद केली.

मानसकार

आता माझ्या आवडीचा विषय. पिल्लं नुसती वाहत नाहीत, गाडी बघून चढतात. आमच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत) येऊन बघा.

कोळंबी अंडी घालते समुद्रात. पिल्लं काही आठवड्यांत सुईच्या टोकाएवढी होतात आणि त्यांना वाढायला खाडी हवी असते, चिखल, खारफुटी, निमखारं पाणी. पण खाडीत पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. नुसतं वाहायचं म्हटलं तर जितकं आत तितकं बाहेर, हिशेब शून्य. तर ही पिल्लं काय करतात? भरतीला वर येऊन पाण्याबरोबर आत सरकतात, ओहोटीला तळाशी बसून राहतात. पुढच्या भरतीला पुन्हा वर. असं टप्प्याटप्प्याने खाडीच्या पोटात.

खाजनाच्या बांधाला मानस असते, म्हणजे पाण्याचं दार. भरतीच्या दाबाने पाणी आत येतं, ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावून वाढलेली कोळंबी धरतात. मी लहानपणी आजोबांबरोबर रात्री तिथे बसायचो. उधाणाच्या रात्री पेट्रोमॅक्स पाण्यावर धरला की आत येणाऱ्या पाण्यात अक्षरशः हजारो ठिपके चमकायचे. कोळंबीच्या पिल्लांचे डोळे. आजोबा म्हणायचे, दिवा मागे घे, ती बिचकतात. भांगाच्या (छोट्या भरतीच्या) दिवसांत तेवढे ठिपके दिसत नसत, कारण पाण्याला तेवढी ओढच नसते.

आता त्यातल्या बऱ्याच मानशी मोडल्यात, बांध फुटलेत. समुद्र चांगली पिल्लं देईल हो, पण दारच राहिलं नाही तर ती उतरणार कुठे?

डुबकी

माझ्याही आवडीचा विषय! मी स्कुबावाला आहे, मालवणात हंगामात असतो.

प्रवाळावरच्या माशांबद्दल पूर्वी समजूत होती की पिल्लं समुद्रात गेली की गेली, कुठलीतरी दुसरीच पिल्लं येऊन राहतात. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटावर जेफ्री जोन्स आणि सहकाऱ्यांनी अजब काम केलं. छोट्या डॅमसेल माशाच्या एक कोटीहून जास्त अंड्यांना टेट्रासायक्लिनचं पाणी दिलं. आपल्या गोळीतलंच औषध. त्याने पिल्लाच्या कानातल्या खड्यावर खूण उमटते, विशिष्ट प्रकाशात चमकते. मग परत आलेली ५,००० पिल्लं धरून एकेकाचा खडा तपासला. खूण असलेली सापडली पंधरा.

पंधरा म्हणजे फुसका बार वाटतो, पण बेटावरच्या एकूण अंड्यांपैकी खूण फार थोड्यांनाच केली होती. हिशेब मांडल्यावर निघालं की १५ ते ६० टक्के पिल्लं जन्मगावीच परतत असावीत. १९९९ सालचं काम. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की शेवटच्या दिवसांत ही पिल्लं चांगली पोहतात, प्रवाळाचा आवाज आणि वास ओळखून वळतात. कोळंब्यांची ती चटचट पाण्याखाली ऐकलीयत का? तापल्या तव्यावर मोहरी तडतडावी तशी. पिल्लांना तो घराचा आवाज.

पेडवेप्रेमी

एक मिनिट. कानातला खडा? माशाला कान असतो?

खारेवारे

असतो, बाहेरून दिसत नाही. ढोमा खाताना डोक्यात पांढरे दोन चपटे खडे दाताखाली आलेत का कधी? तेच. तोल सांभाळायला आणि ऐकायला असतात, आणि मासा वाढेल तसे थर चढवत वाढतात. १९७१ मध्ये पॅनेला नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की त्यात रोज एक बारीक रेषा पडते. कोवळ्या पिल्लाचा खडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की रेषा मोजून जन्मतारीख काढता येते. भरपूर खाल्लं तो दिवस जाड, उपासाचा बारीक. माझ्या टेबलावर एकदा एका पिल्लाचा खडा होता, त्यात अकरा ते चौदा या रेषा इतक्या चिकटलेल्या होत्या की मोजताना तीनदा चुकले. वाऱ्याच्या नोंदी काढल्या तर त्याच चार दिवसांत वादळी हवा. चार दिवस उपाशी राहून जगलं होतं ते. त्याच्या बरोबरची किती राहिली नाहीत ते त्या खड्यावर लिहिलेलं नसतं.

अशा जन्मतारखा शेकड्याने काढल्या की कळतं, हंगामभर अंडी पडत होती, पण वाचलेली सगळी दोनतीन आठवड्यांतच जन्मलेली. गाबतीणताईंच्या बाबांना याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

सडेतोड

बरं, पटलं अर्धं. मग मला सांगा, करंगळीएवढी तारली बाजारात ढिगाने विकणं बरोबर की चूक? चांगल्या वर्षीची वाचलेली पोरं आपणच उचलतोय ना? केरळात दहा सेंटिमीटरखालची तारली धरायला बंदी आहे. आपल्याकडेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरली, पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०. बाजारात फूटपट्टी घेऊन कोण उभं आहे?

गाबतीण

कुणीच नाही. पण एक सांगते, डोल जाळ्याला बारीक-मोठं निवडता येत नाही, ओढीबरोबर येईल ते येतं. परत टाकेपर्यंत मेलेलं असतं. त्यामुळे नुसता दंड लावून होणार नाही. आसाचा (जाळ्याच्या भोकाचा) आकार बदलायला हवा आणि ती बारकी कुठे आहेत ते आधी कळायला हवं. त्या आठवड्यात तिथे जाऊ नका असं सांगितलं तर ऐकतील लोक. जूनजुलैचे ६१ दिवस ऐकतातच की.

खारेवारे

करंगळीबद्दल दुसरी बाजूही आहे. २०२४ च्या पावसाळ्यानंतर पिल्लं इतकी वाचली की खाणारी तोंडं जास्त आणि अन्न तेवढंच, त्यामुळे मासा खुजा राहिला असं सीएमएफआरआयचं निरीक्षण आहे. म्हणजे तुम्ही आणली ती सगळी पोरंच असतील असं नाही, काही अंगाने न भरलेली मोठी माणसंही असतील. पोटात गाबोळी होती का?

पेडवेप्रेमी

होती! बऱ्याच जणींच्या पोटात होती. मी समजत होतो मावशीने फसवलं.

पेडवेप्रेमी

धागा वर काढतोय. काल मुद्दाम ढोमा आणला, खाऊन झाल्यावर डोकं फोडून दोन्ही खडे काढले. नखाएवढे, एका बाजूने खोबणी. बायकोच्या कानसेने पहिला घासायला घेतला, मुलाच्या खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काही दिसलं नाही. अजून घासला. तुटला.

खारेवारे

मोठ्या ढोम्यात रोजच्या रेषा तशाही दिसल्या नसत्या, त्याला पिल्लाचा खडा लागतो आणि तो वाळूच्या कणाएवढा असतो. कानस नको, पाण्यात भिजवलेला सर्वात बारीक पॉलिश पेपर घ्या आणि बोटाच्या टोकाने फिरवा. दर दहा वेळा फिरवलं की बघा.

पेडवेप्रेमी

दुसरा खडा काडेपेटीत कापसात ठेवलाय. हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी. त्यावरून घरात काय बोलणी खाल्ली ते विचारू नका.